वकीलताईंना विचारा: फ्लॅट संस्थेला ठेवायचाय, पण कसा?

प्रश्न: नमस्कार ताई, मी डोंबिवलीची, वय ७१, शाळेतून रिटायर. मिस्टर नाहीत, मूलबाळ नाही. फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला, एकटीच्या नावावर. माझं सगळं बहिणीची मुलगी बघते, म्हणून एफडी तिला आणि फ्लॅट मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेला असं मनात आहे. सोसायटीत नॉमिनी भाचीच आहे. धाकटे दीर म्हणतात लिहून कशाला ठेवायचं, आम्ही आहोत ना. मृत्युपत्र खरंच लागतं का? आणि नेत्रदानाचंही त्यातच लिहू का?

उत्तर: बाई, लागतं, आणि तुम्हाला तर जरा जास्तच लागतं. हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम १५ बघा, मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतःच्या कमाईची मालमत्तासुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचा नंबर त्यानंतर (आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल तर ते माहेरी परत जातं, पण तुमचा फ्लॅट तसा नाही). म्हणजे दीर म्हणतात ते खरंच आहे, ते आहेतच! भाचीला आणि संस्थेला मात्र काहीच नाही. नॉमिनीवर विसंबू नका, सोसायटी तिचं नाव लावेल पण त्याने मालकी ठरत नाही, वारस नंतर हक्क सांगू शकतात.

खर्चाची भीती नको. साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्युटी नाही, मराठीत लिहा, हातानं लिहा, काहीही चालतं. तुमची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना बघितलंय. भाची किंवा संस्थेतलं कुणी साक्षीदार नको. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण दीर आत्ताच असं बोलतायत म्हटल्यावर मी तर म्हणेन दुय्यम निबंधकाकडे जाऊन कराच, आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या की तुम्ही पूर्ण शुद्धीत आहात, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीला काही कळत नव्हतं.

आता फ्लॅटचं. माझं स्पष्ट मत, फ्लॅट देऊ नका, फ्लॅटचे पैसे द्या. लोकांना वाटतं आख्खं घर दिलं म्हणजे मोठं दान, पण संस्था पब्लिक ट्रस्ट असेल तर ती जागा विकायला तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्याला वेळ जातो, तोवर मेंटेनन्स आणि टॅक्स संस्थेच्या डोक्यावर, आणि एका वन बीएचकेत वसतिगृह काही होत नाही. त्यापेक्षा मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, नेमा, भाचीलाच नेमलं तरी चालेल, आणि लिहा की तिने फ्लॅट विकून, खर्च वजा करून, राहिलेली रक्कम अमुक संस्थेला द्यावी. त्याआधी संस्थेशी एकदा बोलून घ्या, त्यांना नक्की काय हवंय ते कळेल. कदाचित त्यांना जागाच हवी असेल, मग वेगळं.

संस्थेचं नाव बोर्डावर दिसतं तसं नको, रजिस्ट्रेशनवर आहे तसं, नंबर आणि पॅनसकट लिहा. पुढे संस्था बंद पडली तर? म्हणून दुसऱ्या एका संस्थेचं नाव पर्यायी म्हणून टाका. नुसतं 'सत्कार्याला द्यावं' असलं मोघम तर अजिबात नको, १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपिलाचं कोर्ट) मुंबईच्या एका मृत्युपत्रातलं 'धर्मा'साठी ठेवलेलं दान मोघम म्हणून रद्दच केलं होतं.

आणखी एक, ८०जीची, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची, सवलत हयातीत दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुन्या टॅक्स रिजीममध्ये, त्यामुळे थोडं आत्ताच द्या, संस्था पैसे कसे वापरते तेही दिसेल. नेत्रदान मृत्युपत्रात नको, डोळे काही तासांत काढावे लागतात आणि मृत्युपत्र लोक तेराव्यानंतर उघडतात. ते भाचीला तोंडी सांगा, आणि शेजारच्यांनाही.

प्रश्न: दोन एकर शेत गावच्या शिक्षणसंस्थेला मृत्युपत्राने देता येईल का? (वाचक, सातारा)

उत्तर: थांबा जरा. कूळकायद्याचं कलम ६३ शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे परवानगीशिवाय जाऊ देत नाही. मृत्युपत्राने दिली तर चालतं अशी एक पळवाट लोक सांगायचे, पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या प्रकरणात, तिथेही हाच १९४८ चा कायदा, ती पळवाट मान्य केली नाही. आधी महसुलाच्या कामातल्या वकिलाला सातबारा दाखवा, की वडिलोपार्जित आहे का आणि तुमचा हिस्सा किती. दुसऱ्याच्या हिश्श्याचं दान तुम्हाला करता येत नाही.

प्रश्न: आम्ही ख्रिश्चन. चर्चच्या अनाथाश्रमाला काही ठेवायचं तर मृत्युपत्र वर्षभर आधी केलेलं असावं लागतं म्हणे? (वाचक, वसई)

उत्तर: लागायचं. पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचं कुणी हयात असेल तर भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे मृत्युपत्र मृत्यूच्या किमान १२ महिने आधीचं हवं होतं आणि केल्यापासून सहा महिन्यांत जमाही करावं लागायचं. सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. आता बिनधास्त करा, फक्त दोन साक्षीदार विसरू नका.