कुर्ल्याचा ‘पूर्ण सेट’ घेऊ नका, आधी गालिचा उचला

दादा, पोस्ट दोनदा वाचली. २०११ची मर्सिडीज सी २२० सीडीआय, कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या पार्किंगमध्ये सीटच्या गादीपर्यंत पुराचं पाणी, आता किल्ली घातली तर मीटरसुद्धा उजळत नाही. स्कॅनरला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सापडत नाही. गॅरेजवाले म्हणतात ईसीयू, इग्निशन स्विच, किल्ल्या सगळं बदला. आणि कुर्ल्याचा स्पेअरवाला एकाच भंगार गाडीतला ‘पूर्ण सेट’ स्वस्तात देतोय, तो घ्यावा का? नको. निदान इतक्यात तरी नको.

पाणी कुठवर आलं होतं त्याचा विचार करा. किल्ली घालायची ती ईआयएस, म्हणजे गॅरेजवाले म्हणतात तो इग्निशन स्विच, डॅशबोर्डात, स्टिअरिंगशेजारी बसते. गादीपर्यंतचं पाणी तिथं पोचत नाही. मग ती गेली हे ठरवलं कुणी? आणि स्कॅनरला ईसीयू उत्तर देत नाही म्हणजे तो मेला असंही नसतंय. हे सगळे इलेक्ट्रॉनिक डबे ‘कॅन’ नावाच्या सामाईक तारांवरून एकमेकांशी बोलतात. गालिच्याखालचा एखादा जोड गाळानं भरला, किंवा डिकीतलं मागचं सॅम, म्हणजे फ्यूज आणि वीजवाटपाचा डबा, ओलं झालं, की लाईन बसते आणि धडधाकट डबेही मुके होतात. २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर उद्यमनगरात अशा गाड्यांची रांग लागली होती. माझ्याकडं आल्या त्यांत ईसीयू खरंच गेलेल्या कमीच. गालिचा उचलला की खाली पंचगंगेचा गाळ, आणि पिना पोपटी-हिरव्या पडलेल्या.

दुसरं, या मॉडेलची एक जुनी खोड आहे, पुराशी संबंध नसलेली. स्टिअरिंग कॉलमवर ईएसएल म्हणून लॉक असतं, त्यातली छोटी मोटर झिजते. किल्ली घातल्यावर ईआयएस आधी किल्ली ओळखते, मग ईएसएलला उघडायला सांगते, आणि तिकडून होकार आला तरच इग्निशन चालू होतं. चांगली बॅटरी लावून रेडिओ-पंखा बंद करून कान द्या: किल्ली घातल्यावर कॉलममधून ‘घर्र-टक’ आवाज यायला पाहिजे. नाही आला तर कुणाला तरी कॉलमच्या खालून लॉकवर हळू ठोकायला सांगा आणि तेवढ्यात किल्ली फिरवा. चालू झाली तर दुखणं सापडलं. मात्र तशीच पुन्हा बंद करू नका, पुढच्या वेळी साथ देईलच असं नाही. आणि हो, किल्लीचा सेल संपल्यानं असं होत नाही. खोबणीत घातल्यावर किल्लीला तिथल्या कॉइलमधून वीज मिळते.

आता त्या ‘पूर्ण सेट’बद्दल. ईसीयू, ईआयएस, ईएसएल आणि किल्ली यांचं एकमेकांशी लग्न लागलेलं असतं, म्हणून एकाच गाडीतले सगळे घेतले की काम होईल असं वाटतं. पण तुमच्या ७जी ऑटोमॅटिकचा कंट्रोलर गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात असतो, आणि तोही याच वऱ्हाडातला आहे. तो स्पेअरवाल्यानं धरलाय का? बहुतेक नाही. मग इंजिन लागलं तरी गाडी जागची हलणार नाही. शिवाय त्या ईआयएसमध्ये दुसऱ्याच गाडीचा चॅसी नंबर बसलेला. उद्या गाडी विकताना कुणी स्कॅनर लावला की तुम्हीच चोर ठरताय.

म्हणून माझं एकच सांगणं: तुमचा जुना ईसीयू कुणालाही देऊ नका. गॅरेजवाला ‘भंगारच आहे’ म्हणून ठेवून घेत असेल तरी परत मागा. त्यातली चिप वाचता आली तर तुमच्या गाडीची ओळख, कोडिंग सगळं हाती लागतं, आणि त्याच हार्डवेअर नंबरच्या दुसऱ्या वापरलेल्या ईसीयूत उतरवता येतं. मागच्या एका गाडीचा ईसीयू मी उघडला तेव्हा आत गाळाची पापडी धरली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायचा ब्रश घेऊन तासभर बसलो, आतला पॉवर सप्लायचा भाग गेलेला होता, पण मेमरी शाबूत निघाली. गाडी त्याच डेटावर आजही फिरते.

नवा ईसीयू घेतला तर तो कंपनीच्या सर्व्हरला जोडून एससीएन कोडिंग, म्हणजे तुमच्या गाडीप्रमाणं सॉफ्टवेअर जुळवणं, करून घ्यावं लागतं. तेव्हा एक विचाराच: इंजेक्टरवर छापलेले कोड भरलेत का? प्रत्येक इंजेक्टरची डिझेल टाकायची सवय थोडी वेगळी असते, ती ईसीयूला त्या कोडवरून कळते. न भरता गाडी दिली की ठक-ठक आणि धूर, आणि मग सांगतात इंजेक्टर गेले. किल्ली नवी हवी असेल तर ती चॅसी नंबरवर मागवतात, आरसी आणि ओळखपत्र लागतं. ईआयएसमध्ये आठ किल्ल्यांची जागा असते, हरवलेली बंद करता येते. तेवढ्यासाठी ईआयएस बदलायची गरज नाही.

हे सगळं जुन्या, इन्फ्रारेड किल्लीच्या पद्धतीला लागू. २०१४नंतरच्या डब्ल्यू २०५ला, म्हणजे सी-क्लासच्या पुढच्या पिढीला, पुढची पद्धत आहे, तिथं बाहेरच्यानं हात घालू नये.

कोडिंग कुठंही करा, स्टॅबिलाइज्ड सप्लाय, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र, लावल्याशिवाय सुरू करू देऊ नका. साधा चार्जर नाही. सुरुवातीच्या काळात मी जुन्याच बॅटरीवर फ्लॅश मारायला, म्हणजे ईसीयूत सॉफ्टवेअर भरायला, बसलो, ऐंशी टक्क्यांवर व्होल्टेज पडला आणि चालू ईसीयूची वीट झाली. गाडीमालकाला नवीन आणून दिला, स्वतःच्या खिशातून.

तर उद्या बॅटरी काढा, पुढचा गालिचा आणि डिकीतलं सॅमचं झाकण उचला. तिथल्या पिनांचा एक फोटो आणि ईसीयूवरच्या स्टिकरचा एक टाका, ‘ए’नं सुरू होणारा नंबर नीट दिसू दे. आणि तोवर कुणी ढकलून सुरू करू म्हणालं तर हाकला त्याला, ऑटोमॅटिक आहे ती.