‘जगात १० प्रकारचे लोक असतात’ हा विनोद नेमका काय आहे, आणि संख्या लिहिण्याच्या पद्धतींवर असे आणखी विनोद आहेत का?

आपण अर्धे वाक्य दिले आहे. पूर्ण विनोद असा: ‘जगात १० प्रकारचे लोक असतात, ज्यांना द्विमान पद्धत कळते ते, आणि ज्यांना कळत नाही ते.’ द्विमान पद्धतीत ० आणि १ हे दोनच अंक असल्यामुळे दोन ही संख्या तेथे १० अशी लिहावी लागते. वाक्यातले लोक दोनच प्रकारचे आहेत, आणि वाचणारा जर उरलेल्या आठ प्रकारांची वाट पाहत बसला, तर तो त्यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो हे आपोआप ठरते.

हा विनोद मोठ्याने सांगता येत नाही. ‘दहा प्रकारचे’ म्हटले तर विधान खोटे ठरते, ‘दोन प्रकारचे’ म्हटले तर गंमत उरत नाही आणि ‘एक-शून्य प्रकारचे’ म्हटले की गुपित आधीच फुटते. दोन आणि दहा या संख्या आहेत, तर १० हे एक चिन्ह आहे, आणि त्याचा अर्थ पायावर, म्हणजे त्या पद्धतीत एकूण किती अंक वापरतात यावर, अवलंबून असतो. या जातीचे बहुतेक विनोद संख्या आणि तिचे लेखन यांच्यामधल्या फटीतच जन्म घेतात. त्यावर कडी करणाऱ्यांनी तिसरा प्रकारही जोडला आहे: ‘आणि हा विनोद त्रिमान पद्धतीत असेल असे ज्यांना वाटले नव्हते ते.’ त्रिमानात १० म्हणजे तीन, त्यामुळे हिशेब पुन्हा चोख बसतो. खरे तर कोणताही पाया त्याच्या स्वतःच्या पद्धतीत १० असाच लिहिला जातो. एकूण चारच बोटे असलेला परग्रहवासी ‘आम्ही १० च्या पायावर मोजतो’ असे लिहून देईल, आपणही अक्षरशः तेच लिहून देऊ, आणि दोघेही खरे बोलत असू.

प्रोग्रामर मंडळींचा आवडता विनोद असा, की त्यांना ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन आणि २५ डिसेंबरचा नाताळ यांतला फरक कळत नाही. इंग्रजीत ऑक्टोबर आणि ऑक्टल (अष्टमान) यांचा संक्षेप एकच, आणि डिसेंबर व डेसिमल (दशमान) यांचाही एकच; अष्टमानातील ३१ म्हणजे आठ त्रिक चोवीस अधिक एक, म्हणजे दशमानातील २५. हा निव्वळ योगायोग मानणे मात्र अन्यायाचे होईल, कारण प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे आणि हे दोन महिने त्यात खरोखरच आठवा व दहावा होते.

वयाच्या बाबतीत षोडशमान (सोळाच्या पायाची) पद्धत फार दयाळू आहे. पन्नाशीचा माणूस तेथे ३२ वर्षांचा लिहिला जातो, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायची वेळ, म्हणजे ६० हा आकडा, उजाडतो तो आपल्या हिशेबाने शहाण्णवाव्या वर्षी.

आपल्याकडचा अस्सल नमुना म्हणजे ‘छत्तीसचा आकडा’. ३ आणि ६ हे देवनागरी अंक शेजारी लिहिले की एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, म्हणून हे भांडणाचे चिन्ह झाले. ६३ मध्ये तेच दोघे समोरासमोर येतात. छत्तीस या संख्येचा स्वभाव मात्र मुळीच भांडखोर नाही. तीच संख्या अष्टमानात लिहिली तर ती ४४ होते, म्हणजे दोन सारखे अंक गुण्यागोविंदाने एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात.

अपूर्णांकांमध्येही एक सुंदर खोडी आहे. १६/६४ मध्ये वरचा आणि खालचा ६ खोडून टाकला तर १/४ उरतो, आणि उत्तर बरोबर येते! १९/९५, २६/६५ आणि ४९/९८ यांतही हीच चोरी पचते. असे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला गुण द्यावेत की नाही, यावर शिक्षकांचे एकमत होणे कठीण आहे. मी तरी देणार नाही.

उलट, मोठ्याने म्हटल्यावरच जमणारा विनोद महाराष्ट्राने २०१९ साली अनुभवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असे वाचन सुचवले होते. बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, या उलटापालटीने मुले अडखळतात, हे त्यामागचे कारण होते आणि मला ते पटते. विधानसभेत अजित पवारांनी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या ‘फडणवीस’ या आडनावाचे ‘फडण दोन शून्य’ करून हशा पिकवला. गणिताच्या दृष्टीने मात्र हा विनोद कच्चा होता, कारण नव्या पद्धतीतही वीस हा वीसच राहत होता. तो नियम काटेकोरपणे लावायचाच, तर बावनकुळे या आडनावाचे ‘पन्नास दोन कुळे’ करावे लागले असते.