लाँगइयरब्येनच्या धक्क्यावर उतरण्याआधी: वाचकांची प्रश्नोत्तरे

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यापासून उत्तर ध्रुवाकडे निघालं की साधारण अर्ध्या वाटेवर स्वालबार्ड द्वीपसमूह लागतो. लाँगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव. अक्षांश ७८ अंश उत्तर, वस्ती सुमारे अडीच हजार. स्वालबार्डच्या बहुतेक छोट्या क्रूझ इथूनच सुटतात आणि मोठी जहाजं दिवसभरासाठी इथे थांबतात. या वेळच्या प्रश्नांत निम्मे व्हिसाचे होते, आणि ते योग्यच आहे. ही सहल बर्फामुळे क्वचित बिघडते. बिघडते ती ऑस्लोच्या पासपोर्ट खिडकीवर.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही असं सगळीकडे वाचलं. मग एजंट शेंगेन व्हिसा का मागतोय? (पुणे)

एजंट बरोबर आहे. स्वालबार्ड १९२० च्या करारामुळे नॉर्वेच्या ताब्यात असलं तरी शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, त्यामुळे खुद्द तिथे उतरायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण तिथलं नेहमीचं विमान नॉर्वेतल्या ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून सुटतं आणि तिथवर पोहोचणं म्हणजे शेंगेनमध्ये शिरणं.

आता मोजा. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे गेलात तर पहिला प्रवेश फ्रँकफर्टला होतो. दोहा किंवा दुबईमार्गे गेलात तर ऑस्लोला. लाँगइयरब्येनच्या विमानात बसण्याआधी पासपोर्ट तपासून बाहेर पडल्याची नोंद होते, म्हणजे तुम्ही शेंगेनमधून निघालात. परतताना ऑस्लोला पुन्हा आत यावं लागतं. झाले दोन प्रवेश. म्हणून व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशसंख्येच्या चौकटीत ०२ किंवा ‘मल्ट’ (अनेक प्रवेश) हवं. ०१ असेल तर स्वालबार्डला जाता येईल, परत येता येणार नाही, आणि हे लक्षात आलं की तुम्हाला बहुधा ऑस्लोतच थांबवतील.

०१ पडतो तो बहुतेकदा अर्जामुळे. फॉर्ममध्ये ‘नॉर्वे, दहा दिवस’ एवढंच लिहिलं की अधिकारी एकच प्रवेश देतो. सोबतच्या पत्रात तीन ओळी तारखांसह लिहा: शेंगेनमध्ये प्रवेश, स्वालबार्डसाठी बाहेर, पुन्हा प्रवेश. लाँगइयरब्येनचं विमान तिकीट आणि क्रूझचं बुकिंग जोडा. स्वालबार्डमधले दिवस शेंगेनमध्ये राहण्याच्या ९० दिवसांच्या मर्यादेत धरत नाहीत, पण व्हिसाची मुदत परतीच्या दिवसापर्यंत चालू हवी. विमान एक-दोन दिवस लांबलं तरी पुरेल एवढी ती मागून घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि जून-जुलैसाठी मेपर्यंत थांबणं म्हणजे पायावर धोंडा.

आमची क्रूझ लाँगइयरब्येन, पूर्व ग्रीनलँड, रेक्याविक अशी आहे. वेगळं काही लागेल? (बंगळुरू)

लागेल. आइसलँड शेंगेनमध्ये आहे, म्हणजे तुमचा दुसरा प्रवेश रेक्याविकला होईल. ग्रीनलँड मात्र डेन्मार्कच्या राज्यात असूनही शेंगेनमध्ये नाही, आणि साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. ‘ग्रीनलँडसाठी वैध’ असा स्पष्ट उल्लेख असलेला डॅनिश व्हिसा वेगळा घ्यावा लागतो. क्रूझ कंपन्यांची पत्रकं मुख्यतः युरोपीय आणि अमेरिकी प्रवाशांसाठी लिहिलेली असतात, त्यात ही ओळ सापडेलच असं नाही.

जहाज संध्याकाळी चारला सुटतं. त्याच दिवशी दुपारी पोहोचणारं विमान चालेल का? (ठाणे)

नको. ऑस्लोहून तीन तासांचं आणि ट्रॉम्सोहून दीड-पावणेदोन तासांचंच अंतर असलं तरी उन्हाळ्यात फ्योर्डवर, म्हणजे डोंगरांमधल्या समुद्राच्या खाडीवर, धुकं दाटतं. मग विमान घिरट्या घालून माघारी वळतं. दिवसाला विमानं मोजकी, त्यामुळे पुढच्या विमानात जागा मिळेलच असं नाही, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. निदान एक मुक्काम आधी पोहोचा. दोन असले तर फारच उत्तम, कारण सामान मागे राहिलं तर तेही मागोमाग येऊ शकतं.

मुंबई ते ऑस्लो एका तिकिटावर आणि पुढचं वेगळ्या तिकिटावर असेल तर ऑस्लोला सामान घ्यायचं आणि पुन्हा द्यायचं. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे, त्यामुळे रांग लांबू शकते. वेगळी तिकिटं असतील तर ऑस्लोत रात्र काढा. ट्रॉम्सोला थांबणाऱ्या विमानातून सगळ्यांना हातातल्या सामानासकट खाली उतरवतात, पासपोर्ट तपासतात आणि त्याच विमानात परत बसवतात. आपलं ठिकाण आलं समजून बाहेरच्या दाराकडे चालू लागू नका.

औषधं, चष्मा, एक गरम थर आणि वॉटरप्रूफ पँट हातातल्या बॅगेत ठेवा. बाकी उशिरा आलं तरी चालतं.

मोठ्या जहाजाने एका दिवसासाठी उतरणार आहोत. हाताशी सहा तास, सोबत आईचं वय ७४ आणि गुडघे दुखतात. कसं फिरावं? (कोल्हापूर)

आधी जहाजावर विचारा की ते धक्क्याला लागणार आहे की फ्योर्डमध्ये नांगरून राहणार. धक्क्याला लागलं तर शिडी उतरून थेट जमिनीवर. नांगरलं तर छोट्या टेंडर बोटीने यावं लागतं, आणि हलत्या बोटीत पाऊल टाकणं गुडघ्यांना जड जातं. शिवाय जाण्यायेण्याच्या रांगा धरल्या तर सहा तासांचे चार उरतात. आईंना टेंडरच्या पहिल्या गर्दीत नेऊ नका. तासाभराने रांग विरळ होते.

धक्क्यापासून गावाचा मध्य एक-दीड किलोमीटर, चालत वीसेक मिनिटं. रस्ता सपाट, पण वारा समोरून असेल तर ती वीस मिनिटं चाळीस वाटतात. गावात शहर-बस नाही. विमानतळाची बस फक्त विमानांच्या वेळेला धावते आणि हॉटेलांपाशी थांबते. उरल्या टॅक्सी, आणि त्या मोजक्या. तीन हजार प्रवाशांचं जहाज अडीच हजारांच्या गावात उतरलं की काय होतं ते सांगायला नको. म्हणून टॅक्सी किंवा मिनीबसची फेरी आधीच आरक्षित करा. परतीची नेमकी वेळ ठरवा आणि शेवटच्या टेंडरच्या तासभर आधीची वेळ सांगा.

चार तासांत आईंना झेपेल असं: टॅक्सीने स्वालबार्ड संग्रहालय, मग मधल्या पादचारी रस्त्यावर कॉफी, आणि त्याच टॅक्सीने नदीपलीकडचं चर्च. वाटेत घरांकडे पाहा. सगळी खांबांवर उभी आहेत, कारण खालची जमीन वर्षभर गोठलेली असते. घर तिच्यावर टेकवलं तर आतल्या उबेने ती वितळेल आणि घर कलेल. डोंगरउतारावर दिसणारे लाकडी तिकाटण्यांसारखे मनोरे कोळसा वाहून नेणाऱ्या जुन्या दोरवाटेचे आहेत. गाव कोळशावरच उभं राहिलं. शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली.

जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवणाऱ्या जागतिक बीजकोठाराबद्दल बरेच विचारतात. ते विमानतळाच्या वर डोंगरात आहे आणि आत कुणालाही सोडत नाहीत. बाहेरचं काँक्रीटचं दार पाहून, फोटो काढून परतायचं. तरी मराठी माणसाने ते पाहावं, कारण हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या पीकसंशोधन संस्थेने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर आणि भुईमुगाची वाणं त्याच दारामागे गोठवलेली आहेत. तिथे चालत मात्र जाऊ नका. कारण पुढच्या उत्तरात.

गावाबाहेर थोडं चालून यायचं आहे. अस्वलांची भीती खरी की पर्यटकांसाठीची गोष्ट? (नाशिक)

खरी. गावातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर अस्वलाचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी आहे. त्या पाटीपलीकडे एकट्यादुकट्याने जायचं नाही. वस्तीबाहेर पडणाऱ्याकडे अस्वलाला पळवून लावायचं योग्य साधन असणं कायद्याने सक्तीचं आहे आणि बंदूकही ठेवा असं प्रशासन सांगतं. पर्यटकाला ती भाड्याने घ्यायची तर परवानगीची कटकट आहे. सशस्त्र वाटाड्यासोबतची सहल हाच व्यवहारी मार्ग. दुकानाच्या दारावर ‘बंदूक आत आणू नका’ अशी पाटी दिसली तर ती गंमत म्हणून लावलेली नाही.

अस्वल जवळून दिसावं असंही काहींनी लिहिलं आहे. २०२५ पासून किमान ३०० मीटर अंतर राखावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. म्हणजे बहुतेक वेळा अस्वल म्हणजे दुर्बिणीतला पिवळसर ठिपका. कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा चांगल्या दुर्बिणीवर पैसे घाला, ८×४२ पुरते.

गावातल्या चालण्यात खरा त्रास देतो तो पक्षी. आर्क्टिक सुरय जून-जुलैमध्ये रस्त्याकडेच्या खडीत अंडी घालते आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारते, कधीकधी रक्त येईपर्यंत. ती तुमच्या सर्वांत उंच भागावर झेपावते. म्हणून काठी, मिटलेली छत्री, काहीच नसेल तर हात डोक्याच्या वर उभा धरा. फिरवायचा नाही, नुसता धरायचा. पक्षी त्या टोकावर हल्ला करतो आणि तुम्ही सुखरूप पुढे जाता. थांबून फोटो काढाल तर हल्ला वाढतो, कारण तुम्ही घरट्याशीच उभे असता.

लहान जहाज दुप्पट महाग आहे. मोठ्यात काय कमी पडेल? (पणजी)

किनाऱ्यावर उतरणं. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागांत २०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला मनाई आहे, आणि तिथे ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच उतरता येतं. द्वीपसमूहाचा बराच मोठा भाग संरक्षित आहे. म्हणजे मोठ्या जहाजाला लाँगइयरब्येन, त्याभोवतालचा फ्योर्ड आणि फार तर आणखी एखाद-दुसरा थांबा. जुनी पत्रकं आणि २०२५ आधीचे व्हिडिओ पाहून मोठं जहाज ठरवू नका. नॉर्वेचा किनारा हाच मुख्य हेतू आणि स्वालबार्ड वरकड असेल तर मोठं जहाज चालेल.

भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र पाहता येतं का? (वास्को, गोवा)

तुमच्याच गावातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे त्याचा कारभार आहे. १ जुलै २००८ ला सुरू झालेलं हे केंद्र लाँगइयरब्येनमध्ये नाही; ते न्यू ऑलेसुंड या संशोधन-वस्तीत आहे आणि तिथे रस्ता जात नाही. स्वालबार्डमध्ये दोन गावांना जोडणारा एकही रस्ता नाही. त्यामुळे ज्या क्रूझचा तिथे थांबा आहे तीच निवडावी लागते.

केंद्र बाहेरून पाहता येतं, आत जाता येत नाही. खुणा केलेल्या रस्त्यावरूनच चालायचं. चिनी केंद्राच्या दाराशी दोन दगडी सिंह आहेत, ती खूण लक्षात ठेवा. १९२६ मध्ये ध्रुवप्रवासी अमुंडसेन आणि हवाई जहाजांचे रचनाकार नोबिले यांचं ‘नोर्गे’ हवाई जहाज जिथून ध्रुवाकडे सुटलं तो मनोरा वस्तीच्या टोकाला आहे; तिथे अस्वलरक्षकांसोबतच जायचं.

उतरण्याआधी फोन विमान मोडवर टाका, वाय-फाय आणि ब्लूटूथ हाताने बंद करा. स्मार्टवॉच, इअरफोन आणि कानात लावायचं ब्लूटूथ श्रवणयंत्र इथे हमखास विसरलं जातं. श्रवणयंत्राबद्दल आधीच जहाजावर सांगून ठेवा. तिथली दुर्बीण-अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांचे, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे, क्षीण रेडिओ संकेत ऐकते, त्यापुढे तुमच्या घड्याळाचा ब्लूटूथ म्हणजे ढोलताशा.

कपडे आणि बूट नेमके कोणते? (सोलापूर)

जुलैत तापमान साधारण ३ ते ९ अंश. सोलापूरकरांना ऐकून हुडहुडी भरेल, पण खरा शत्रू वारा आणि ओल. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. जीन्स घरी ठेवा. भिजली की दिवसभर वाळत नाही आणि पाय गारठतात.

रबरी झोडियाक बोटीतून उतरताना घोटाभर पाण्यात पाय टाकावा लागतो, त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट लागतात. अनेक छोटी जहाजं ते देतात. आधी विचारा, आणि माप जाड मोज्यांसकट कळवा. वॉटरप्रूफ पँट बुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली की बुटात पाणी भरतं.

निघण्याआधी जॅकेटच्या वेल्क्रोच्या पट्ट्या उघडून टाचणीने साफ करा. सह्याद्रीच्या ट्रेकमधली कुसळं आणि बिया तिथेच अडकलेल्या असतात. परकं बीज बेटावर जाऊ नये म्हणून जहाजावर तपासणी होते आणि अख्खी रांग तुमच्या वेल्क्रोसाठी थांबते.

हॉटेल, संग्रहालय अशा बऱ्याच ठिकाणी दारात बूट काढावे लागतात. खाणकामगारांच्या काळात कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून पडलेली सवय. आपल्याला नवीन काही नाही, मोजे तेवढे धड घाला.

शाकाहारी आहोत. घरून काय नेता येईल? (सांगली)

दूध आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणि युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप राहू द्या. चिवडा, तेलावरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालतं. जहाजाला शाकाहाराची सूचना बुकिंगच्या वेळीच द्या. लाँगइयरब्येननंतर वाटेत बाजार नाही.

शेंगेनसाठी काढलेला विमा इथे पुरेल का? (मुंबई)

पॉलिसीतली ‘प्रदेश’ ही ओळ वाचा. तिथे फक्त ‘शेंगेन देश’ असेल तर स्वालबार्ड त्यात येतं का हा वाद आजारपणात उभा राहील. नॉर्वे स्वालबार्डसह, किंवा जागतिक संरक्षण असं लिहून घ्या. गावातलं रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला नेतात आणि खर्च तुमचा असतो. व्हिसासाठीची किमान ३०,००० युरोंची रक्कम अशा वेळी तुटपुंजी ठरू शकते. त्याहून मोठी रक्कम, हवाई स्थलांतर आणि क्रूझ असे तीन शब्द पॉलिसीत शोधा. विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. गाव सोडलं की फोनची रेंजही मागे राहते, आणि मग तो कागद जहाजावरच्या डॉक्टरच्या हातात द्यायचा.