सिग्नल तोडला म्हणून सायकलला दंड होतो का? नाशिकमधल्या एका पालकाच्या प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न असा: मुलगी नववीत आहे, कॉलेज रोडला क्लासला सायकलने जाते. लाल सिग्नल असताना पुढे गेली म्हणून चौकातल्या पोलिसांनी अडवलं, "पाचशे रुपये पडतील" म्हणाले आणि शेवटी समज देऊन सोडलं. सायकलला असा दंड असतो का? आणि तिला इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली तर लायसन्स लागेल का?

पाचशेचा तो आकडा मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 मधला आहे, आणि तो सायकलला लागू होत नाही. 1988 च्या या कायद्यात 'वाहन' म्हणजे यांत्रिक शक्तीवर चालणारं वाहन, कलम 2(28) मध्ये तशी व्याख्याच आहे. पायडलवर चालणारी सायकल त्यात बसत नाही. सिग्नल पाळण्याची सक्ती करणारं कलम 119 सुद्धा मोटार वाहनाच्या चालकाबद्दल बोलतं. त्यामुळे सायकलला लायसन्स, नोंदणी, विमा, पीयूसी यातलं काहीच लागत नाही. हेल्मेटचं कलम 129 मोटारसायकलसाठी आहे. ई-चलन गाडीच्या नंबरवर फाडलं जातं आणि सायकलला नंबर नसतो, म्हणून तेही नाही. हवा सोडणं किंवा व्हॉल्व काढून घेणं ही शिक्षा तर कुठल्याच कलमात नाही.

पण एवढं वाचून "सायकलला कायदाच नाही" असं मुलीला सांगू नका. हा गैरसमज फार पसरलाय आणि तो महागात पडतो.

महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 चा आहे. त्यातल्या 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येत सायकल नाव घेऊन आलेली आहे. त्याचं कलम 99 सांगतं की रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला आणि पुढच्या वाहनाला ओलांडताना उजवीकडून जा. म्हणजे रॉन्ग साइडने येणारी सायकल इथे सापडते. त्याची शिक्षा कलम 117 मध्ये आहे, ती फक्त दंडाची, कैदेची नाही. कलम 68 प्रमाणे कर्तव्यावरच्या पोलिसाची वाजवी सूचना प्रत्येकाने पाळायची असते, मग तो पायी असो की सायकलवर. चौकात पोलिसाने हात दाखवला तर थांबायचंच. नाही ऐकलं तर कलम 69 प्रमाणे तो अडवू शकतो, मॅजिस्ट्रेटसमोर नेऊ शकतो, आणि बाब किरकोळ असेल तर थोड्या वेळाने सोडूनही देऊ शकतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते बहुतेक याच चौकटीतलं आहे. कुणी पैसे मागितलेच, तर "कुठल्या कायद्याचं कोणतं कलम?" असं नम्रपणे विचारावं आणि पावती घ्यावी. पावतीवर मोटार वाहन कायदा लिहिला असेल तर ती चूक आहे.

महाराष्ट्र पोलीस कायद्याच्याच कलम 33 खाली पोलीस आयुक्त रहदारीचे नियम आणि अधिसूचना काढतात, त्यात सायकल चालवण्याचाही उल्लेख आहे. नाशिकला आयुक्तालय असल्यामुळे हे महत्त्वाचं. रविवार कारंजा, मेन रोड, रामकुंड परिसरात सणावाराला आणि सिंहस्थात रस्ते बंद होतात, तेव्हा अधिसूचनेतला शब्द बघायचा. 'सर्व प्रकारच्या वाहनांना प्रवेश बंद' असेल तर सायकलही आली, हातात धरून पायी न्यायची. 'मोटार वाहनांना' असेल तर सायकलला मोकळीक आहे. एकेरी मार्गालाही हीच कसोटी लावावी. समृद्धी महामार्गावर मात्र सिन्नर, भरवीर, इगतपुरी कुठूनही सायकल नेता येत नाही, तिथे दुचाक्यांनाच बंदी आहे.

कुणाला इजा झाली किंवा होण्यासारखी वेळ आली, तर भारतीय न्याय संहिता लागते. ती 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि तिचं कलम 281 'कोणतंही वाहन' म्हणतं, मोटार वाहन नव्हे. बेदरकारपणे चालवून जीव धोक्यात घातला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धडकेत कुणी जखमी झालं तर कलम 125 प्रमाणे 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिने, गंभीर दुखापत असेल तर 10,000 रुपये किंवा तीन वर्षांपर्यंत. फूटपाथवर चालणाऱ्या आजीबाईंना सायकलचा हँडल लागून त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तर ती गंभीर दुखापतच. अठराच्या आतल्या मुलांसाठी बाल न्याय कायद्याची वेगळी पद्धत आहे.

आता इलेक्ट्रिक सायकल. इथे मला जास्त काळजी वाटते, कारण पालक दुकानदाराच्या "लायसन्स लागत नाही" या एका वाक्यावर गाडी घेतात. ते वाक्य काही अटींवरच खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 2(u) प्रमाणे मोटर 250 वॉटपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, आणि पायडलला साहाय्य करणारी मोटर असेल तर ताशी 25 किलोमीटरला किंवा पायडल थांबताच ती बंद व्हायला हवी. ब्रेक नीट हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. शिवाय त्या मॉडेलला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, उदाहरणार्थ पुण्याची एआरएआय. बिलावर मोटरचे वॉट लिहून घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत मागा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका.

गडबड दोन ठिकाणी होते. साध्या सायकलला 48 व्होल्ट, 500 वॉटचा हब मोटर किट (चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर) बसवतात, किंवा कंट्रोलरमधली (मोटरचा वेग ठरवणाऱ्या डब्यातली) स्पीड लिमिटची वायर काढून वेग 35-40 वर नेतात. त्या क्षणी ती सायकल कायद्याने मोटार वाहन होते. मग विनालायसन्स 5,000, विनानोंदणी 5,000 पर्यंत, विमा नाही म्हणून 2,000. चालवणारी मुलगी अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालकावर 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलीला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मुलं ही वायर मित्राच्या सांगण्यावरून काढतात, घरी कळतही नाही. महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः चालवून वेग बघा.

सायकलस्वाराने नियम का पाळायचे, याचं मला पटलेलं कारण दंड हे नाही. सायकलला मोटारीने उडवलं तर सायकलस्वार त्या गाडीच्या विम्याचा 'तिसरा पक्ष' (गाडीमालक आणि विमा कंपनी सोडून नुकसान झालेला माणूस) असतो आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाई मागू शकतो. पण सायकल रॉन्ग साइडने होती, सिग्नल तोडला होता किंवा रात्री दिवा नव्हता हे पंचनाम्यात आलं, की विमा कंपनी सहभागी निष्काळजीपणाचा, म्हणजे अपघातात सायकलस्वाराचीही चूक होती असा मुद्दा काढते. दहा लाखांची भरपाई ठरली आणि सायकलस्वाराची चूक 30 टक्के धरली, तर हातात सात लाखच येतात. म्हणून मागे लाल ब्लिंकर हवाच. तो सीटपोस्टवर सरळ मागे तोंड करून लावावा. कॅरिअरवरच्या दप्तराने तो झाकला जातो, तसं होत असेल तर कॅरिअरच्या शेवटी बांधावा. पुढचा पांढरा दिवा किंचित खाली झुकलेला ठेवावा.

अपघात झालाच तर आधी गाडीचा नंबर टिपा आणि सायकल हलवण्यापूर्वी तिचे, रस्त्याचे फोटो काढा. 2025 च्या केंद्राच्या योजनेत नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. रुग्णालयात 'मेडिको-लीगल केस' (पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंद करायला सांगा, ती नसेल तर पुढे दावा लंगडा पडतो. पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, त्याची प्रत मागून घ्या. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर 'हिट अँड रन' योजनेत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात, त्याचा अर्ज वेगळा असतो आणि तो प्रांत कार्यालयाकडे द्यायचा.