पिल्लाला मध देण्याआधी

ताई, कुत्र्याच्या पिल्लाला मध द्यावा का, असं विचारता आणि ते चार महिन्यांचं आहे म्हणता, तर मधाची बाटली तूर्त कपाटातच राहू द्या. मधात बोट्युलिझमच्या (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या) जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान पोटावर तो धोका नकोच. वर्षाचं झालं की बघा.

माझी गावठी कुत्री राणी १६ किलोची. घसा खवखवला की अर्धा चहाचा चमचा मध कोमट पाण्यात कालवून देते, दिवसातून दोनदा, बस्स. चमचाभर मधात साधारण २० कॅलरी असतात, म्हणून जाड्या किंवा मधुमेही कुत्र्याला मी तो देणार नाही. ‘शुगर-फ्री’ लिहिलेलं काही तर घरात कुत्र्याच्या तोंडाशीही येऊ देऊ नका. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) असेल तर ते कुत्र्यांना विष आहे.

मधाचा खरा गुण मला जखमेवर दिसला. राणीच्या पंजाला काच लागली तेव्हा डॉक्टरांनी निर्जंतुक केलेला, जखमेसाठीचा मध दिला होता. सलाईनने धुवायचं, गॉजवर मधाचा पातळ थर, वर पट्टी. मध जखमेतला ओलावा ओढून घेतो, आम्लधर्मीही असतो, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. पट्टी उघडी राहिली की मुंग्या लागतात आणि कुत्रं चाटून मोकळं होतं, तेव्हा गळ्यात चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर हवीच. स्वयंपाकघरातला मध मात्र जखमेवर लावू नका.

खोकला दोन-तीन दिवसांत कमी झाला नाही, धाप लागली किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर मध बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठा. आणि लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.