स्क्रब टायफसच्या (गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या) तापावर अमॉक्सिसिलिन हे नेहमीचं अँटिबायोटिक का चालत नाही?

कारण हा जंतू, ओरिएन्शिया, रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत राहतो. पेशी त्याला पिशवीत गिळते. ती पाचक रसांनी भरण्याआधीच तो पिशवी फोडून पेशीद्रवात उतरतो आणि पेशीच्याच वाहतूक-तंतूंवरून केंद्रकाजवळ जाऊन बसतो. साखरेतून ऊर्जा काढण्याची यंत्रणा त्याच्याकडे नाही, म्हणून अमिनो आम्लं वगैरे तयार माल यजमान पेशीकडून उचलतो. चक्क आयतोबा! म्हणूनच प्रयोगशाळेत साध्या ब्लड अगारवर (जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित जेलीवर) तो वाढतही नाही, जिवंत पेशीच लागतात.

अमॉक्सिसिलिन पेशीत नीट शिरत नाही, आणि ते जंतूंच्या ज्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालतं ती या जंतूत नावापुरतीच. डॉक्सिसायक्लिन हे दुसरं अँटिबायोटिक मात्र आत शिरून त्याची प्रथिननिर्मिती थांबवतं. प्रौढांना सहसा १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. गोव्यात सत्तरी-फोंड्याकडे कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), गवतात वावर असेल तर काख-जांघेत चाव्याच्या जागची, चटक्यासारखी काळी खपली शोधा, डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही, त्यामुळे हमखास नजरेतून सुटते.