तेलाचा दाब आणि विजेचा दाब

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: पुतण्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक प्रेसवर (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रावर) काम शिकतोय, तिथल्या प्रेशरला मराठीत दाब म्हणायचं, तर पेपरात येणारा ‘कमी दाबाने वीजपुरवठा’ यातला दाब कुठला? आणि दोन्हीला ‘दबाव’ म्हटलं तर काय बिघडतं?

दबावाचं आधी उरकून टाकू. मराठीत दबाव माणसावर येतो: पुढारी आणतात, अधिकारी त्याला बळी पडतात. हवा, रक्त, तेल यांचा असतो तो दाब. कन्नडमध्ये ‘ओत्तड’ तेलालाही चालतो आणि मनालाही, त्यामुळे दोन्ही भाषांत वावरणाऱ्यांना ही वाटणी उगाचची वाटेल. मला ती सोयीची वाटते.

कारखान्यात खरा घोळ करतो तो ‘किलो’. “किती किलोवर सेट केलंय?” यातला किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो, मागचा तुकडा बोलण्यात गळून गेला. मग शिकाऊ पोरं दाब आणि जोर एकच धरतात. गेजवर, म्हणजे दाबमापकावर, 100 असताना 20 चौरस सेंटिमीटरचा पिस्टन 2000 किलोचा जोर लावतो, 50 चा पिस्टन 5000 चा. बंद तेलात दाब सगळीकडं तोच, हाच पास्कलचा नियम. पहारीनं दगड उलथताना जोर वाढतो दांड्याच्या लांबीमुळं, इथं क्षेत्रफळामुळं. जितक्या पट जोर, तितकं सरकणं कमी; त्यात सूट दोन्हीकडं नाही.

आता वीज. ‘कमी दाबाने वीजपुरवठा’ यातला दाब म्हणजे व्होल्टेज. व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे एक ज्यूल ऊर्जा, तीही दोन बिंदूंमधल्या फरकाची. म्हणून पाठ्यपुस्तकं ‘विभवांतर’ म्हणतात. शब्द नेमका आहे, पण मळ्यातली मोटार नुसतीच घुमायला लागली की “विभवांतर कमी आहे” असं कोण म्हणतं? “होल्टेज न्हाई” म्हणतात.

व्होल्टेजला ‘विद्युतदाब’ म्हणण्यावर आक्षेप असा की दाब एकाच बिंदूला असतो, व्होल्टेजला दोन लागतात. पण गेजचा काटा शून्यावर असतानाही आत वातावरणाचा सुमारे 1 बार (चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो) दाब असतोच; गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेशी असलेला फरक. शिवाय दाबाचं एकक मांडून बघा: न्यूटन प्रति चौरस मीटर म्हणजेच ज्यूल प्रति घनमीटर. एकीकडं घनमीटरमागे ऊर्जा, दुसरीकडं कूलोममागे. नातं वरवरचं नाही. जुन्या इंग्रजी ग्रंथांतही व्होल्टेजला ‘इलेक्ट्रिक प्रेशर’ म्हणत.

ही सोयरीक एका जागी मात्र फसवते. पाण्याचा दाब घटला की नळाची धार बारीक होते. चालत्या इंडक्शन मोटारीचं तसं नाही. पंपाचा भार अंगावर असताना व्होल्टेज घसरलं तर ती उलट जास्त करंट ओढते, तापते, आणि वाइंडिंग जळतं. उसाच्या पट्ट्यात हे सांगायला नको.

जाता जाता, ‘हाय टेन्शन लाईन’चं कुणी ‘उच्च ताणाची तार’ केलेलं असेल तर खोडा. ताण तार दोन खांबांमध्ये ओढून बांधल्याचा असतो आणि लाईट गेली तरी राहतो. फलकावर ‘उच्चदाब’च हवं.